एकवीसशे मीटरचा टॉर्च

टॉर्चचा उजेड वाढवायचा असेल तर आधी त्याच्या शेपटीतली स्प्रिंग बघायची, असं ओड्वारनं मला सांगितलं तेव्हा माझं वय सत्तर होतं आणि टॉर्चला शेपटी असते हेच मला नवीन होतं.

पस्तीस वर्षं मी नगरपालिकेच्या बांधकाम परवाना खात्यात काढली. या काळात माझ्या हातून जे काही घडलं ते कागदावर घडलं. घरातले बल्ब माझी बायको टोरुन बदलते. मी खाली शिडी धरतो, आणि तीही नीट धरत नाही असं तिचं म्हणणं आहे. तर असा मी, नोव्हेंबरातल्या एका दुपारी शेजारच्या ओड्वारच्या गॅरेजमध्ये वीतभरही नसलेला एक टॉर्च घेऊन उभा राहिलो आणि म्हणालो, "हा खाडीपलीकडे दिसला पाहिजे."

ओड्वार मासळीच्या कारखान्यात चाळीस वर्षं वायरमन होता. त्यानं टॉर्च पेटवला, विझवला आणि वाईट रिपोर्ट हातात आलेल्या डॉक्टरसारखं माझ्याकडे बघितलं.

"किती लांब?"

"एकवीसशे मीटर." हे मी नकाशावर पट्टी ठेवून मोजलं होतं. मोजमापात आमचं खातं कधी चुकलं नाही.

"यानं तुला तुझे बूट दिसतील," ओड्वार म्हणाला. "एका वेळी एक."

खाडीपलीकडे माझी मोठी बहीण हर्डिस राहत होती. आमच्या बाजूचा वृद्धाश्रम ऑगस्टमध्ये बंद झाला आणि तिथल्या सगळ्यांना समोरच्या गावातल्या आश्रमात हलवलं. पाण्यावरून एकवीसशे मीटर, पण रस्त्यानं एकाहत्तर किलोमीटर, आणि मधला घाट हिवाळ्यात त्याच्या मनाला येईल तेव्हा बंद. बोट शुक्रवारी. फोनचं म्हणाल, तर हर्डिसला अलीकडे फोनमधला आवाज म्हणजे रेडिओ वाटायचा. मी "हर्डिस, मी स्वेरे" म्हणालो की ती थोडा वेळ आदरानं ऐकायची, शेजारणीला "बातम्या लागल्यात" असं सांगायची आणि फोन टेबलावर ठेवून निघून जायची. एकदा मी अकरा मिनिटं त्यांच्या जेवणघरातल्या चमच्यांचा आवाज ऐकत बसलो होतो. बातम्यांनाही इतकं वाईट वागवत नाहीत.

पण ऑक्टोबरात मी भेटायला गेलो तेव्हा ती वरच्या मजल्यावर आपल्या खोलीच्या खिडकीशी उभी होती. खाली खाडी, पलीकडे आमचं गाव, आणि बाहेर अंधारून येत होतं. माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "अंधार पडला की खूण कर. तीन छोट्या, एक लांब. मी दारात थांबते."

आई गेली तेव्हा मी सात वर्षांचा होतो आणि हर्डिस पंधराची. वडील बोटीवर. आमच्याकडे हिवाळ्यात दोन महिने सूर्य उगवतच नाही, त्यामुळे शाळा भरायची अंधारात आणि सुटायचीही अंधारात. डोंगराच्या वळणावर आलो की मी टॉर्चनं तीन छोट्या आणि एक लांब अशी खूण करायचो. खाली घराच्या दारातून हर्डिस तीच खूण परत करायची. दिसलास, ये, असा त्याचा अर्थ. साठ वर्षांत या गोष्टीचा आमच्यात एकदाही उल्लेख झाला नव्हता. सकाळी काय खाल्लं ते तिला आठवत नव्हतं, आणि हे आठवत होतं.

"करीन," मी म्हणालो. "रोज चार वाजता."

दुसऱ्या दिवशी चार वाजता मी धक्क्यावर उभा राहून खूण केली. टोरुननं आश्रमात फोन लावला. तिथल्या नर्सनं खिडकीतून बघून सांगितलं की कारखान्याच्या अंगणातले मोठे दिवे छान दिसताहेत, बाकी काही नाही. माझ्या पाठीमागच्या त्या दिव्यांत माझा टॉर्च बुडून गेला होता.

मग मोठा दिवाच का घेत नाहीस, असं गावातल्या प्रत्येकानं मला विचारलं. टोरुननं विचारलं, पाद्रीबाईंनी विचारलं, दुकानात ज्यांच्याशी मी वीस वर्षं बोललो नव्हतो त्यांनीही विचारलं. त्या सगळ्यांसाठी मी बंदर कार्यालयाला फोन केला. तिथल्या माणसानं सांगितलं की बोटींच्या वाटेवर मोठा प्रकाशझोत टाकायला परवानगी लागते, अर्जाला चार महिने लागतात, आणि सोबत शेजाऱ्यांची ना-हरकत जोडावी लागते. पलीकडच्या किनाऱ्यावरच्या शेजाऱ्यांचीसुद्धा.

"आणि खिशात मावणारा टॉर्च असेल तर?"

फोनमध्ये पानं उलटल्याचा आवाज आला. "खिशाबद्दल नियमात काही नाही," तो म्हणाला.

म्हणून खिशातलाच टॉर्च.

स्प्रिंगमधून वीज रडतखडत जाते, तिच्या दोन टोकांना तांब्याची तार जोडली की धावत जाते, हा ओड्वारचा पहिला धडा. त्यानं तार धरली, मी सोल्डरचा डाग दिला. तीन डाग टेबलाला, एक माझ्या अंगठ्याला आणि एक स्प्रिंगला. टॉर्च पेटवला तर गॅरेजच्या भिंतीवरचं कॅलेंडर कोपऱ्यापर्यंत वाचता आलं. ते सहा वर्षांपूर्वीचं होतं. मी टॉर्च खिशात घातला आणि त्याच आनंदात दुकानात गेलो.

रांगेत माझ्या पुढे दोन माणसं होती. मांडीला छान ऊब वाटायला लागली. थंडीच्या दिवसांत ऊब वाटली की माणूस कारण विचारत नाही. मग वास आला, मग धूर आला, आणि काउंटरवरच्या मुलीनं जराही न गोंधळता सोड्याची बाटली फोडून माझ्या विजारीवर ओतली. खिशात शेपटीचं बटण दाबलं गेलं होतं. आग विझली. तेवढ्यात दार उघडून नगरपालिकेतले माझे जुने साहेब आत आले. त्यांनी माझ्याकडे बघितलं, विजारीकडे बघितलं आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"वयानं होतं असं, स्वेरे," ते म्हणाले. "लाजू नकोस."

मी काय सांगणार होतो? टॉर्च होता म्हणून?

दुसऱ्या धड्यात मी टॉर्चमधला वाटीसारखा आरसा स्वच्छ केला. हा धडा ओड्वारनं दिला नव्हता, ती माझी स्वतःची भर. आरशाला कधी बोट लावायचं नसतं, हे त्यानं मला नंतर सांगितलं. तोवर मी तो भांडी पुसायच्या फडक्यानं पुसला होता आणि उजेड भिंतीवर फुटलेल्या अंड्यासारखा पडत होता. नवीन आरसा, आणि त्याच्यासोबत जास्त जोराचे चार एलईडी, परदेशातून मागवावे लागले. ते पाकीट कस्टममध्ये अडकलं. फॉर्म आला. "वस्तूचा उपयोग" या रकान्यात मी खरं ते लिहिलं: बहिणीशी बोलण्यासाठी. आठवड्यानं फॉर्म परत आला. वस्तू संपर्क साधनांच्या वर्गात मोडत असल्यानं तांत्रिक प्रमाणपत्र जोडावं.

मी तो कागद स्वयंपाकघरात बसून तीनदा वाचला. फार वर्षांपूर्वी एका शेतकऱ्यानं खुराड्याच्या अर्जात, प्रयोजन या रकान्यात, "कोंबड्यांना बरं वाटावं म्हणून" असं लिहिलं होतं, आणि मी तो अर्ज लाल शाईनं परत पाठवला होता. त्या माणसाची मी मनातल्या मनात माफी मागितली. मग नवीन फॉर्मवर "उजेडासाठी" असं लिहिलं आणि पाकीट चार दिवसांत आलं.

एलईडीवर सिलिकॉनचा मोहरीएवढा घुमट असतो. तो ब्लेडनं कापला की उजेड पसरत नाही, सरळ लांब जातो. चार एलईडी मागवले होते. पहिला मी कापला तो मधोमध. दुसरा कापताना मला शिंक आली, आणि तो एलईडी आजपर्यंत सापडलेला नाही. तिसरा टोरुननं कापला. मला म्हणाली, "सरक," डोळ्यांवर दोन चष्मे चढवले आणि बटाट्याचं साल काढावं तसा घुमट काढून ठेवला. मग तो एलईडी टॉर्चमध्ये जागेवर बसवायला खालून तापवावा लागतो, म्हणून ओड्वारनं आमच्या मासे तळायच्या तव्यावर ठेवला. त्या तव्यात नंतर कुणी काही तळलं नाही.

"तिला दिसेल ना पण?" टोरुननं मला हळूच विचारलं. ओड्वार हात धुवायला गेला होता. "म्हणजे दिसलं तरी, तिला कळेल का ते काय आहे?"

"कळेल," मी म्हणालो.

टोरुननं तवा उचलला आणि घासायला घेतला.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात मी धक्क्यावरून टॉर्च पेटवला आणि उजेडाची एक पांढरी काठी खाडीवर आडवी झाली. पलीकडच्या किनाऱ्यावरची झाडं दिसली. तीन छोट्या, एक लांब. दहा मिनिटं मी हेच केलं. उत्तर आलं नाही. आली ती बचाव पथकाची बोट, भोंगा वाजवत, सगळे दिवे लावून. पलीकडून कुणीतरी त्यांना कळवलं होतं की धक्क्यावर माणूस मदत मागतोय.

बोटीवरच्या तरुणीनं विचारलं, "तुम्ही संकटात आहात का?"

मला लगेच नाही म्हणता आलं नाही. मी सगळं सांगितलं. तिनं नोंदवहीत काहीतरी लिहिलं, तोंडानं वाचत वाचत: "संकट नाही. बहीण आहे."

दुसऱ्या दिवशी चार वाजता मी पुन्हा उभा राहिलो. ओड्वारनं दिलेली दुर्बीण गळ्यात होती. आश्रमाच्या वरच्या मजल्यावर, डावीकडून तिसऱ्या खिडकीत, एक बारीक पिवळा ठिपका लुकलुकला. तीन छोट्या, एक लांब.

मी ऑक्टोबरात हर्डिसच्या खिडकीत एक साधा टॉर्च ठेवून आलो होतो, तो हा. मी टोरुनला हाक मारली. ती चपला घालूनच बर्फातून पळत आली, तिनं दुर्बिणीतून बघितलं आणि माझ्या बाहीला धरून उभी राहिली. आमच्यात असं बाही वगैरे धरायची पद्धत नाही.

त्यानंतर दोन-अडीच आठवडे मी रोज चारला धक्क्यावर होतो. बोट दुरुस्तीला गेली होती, घाट बंद होता, आश्रमाच्या मुख्य बाई वेंके आजारी रजेवर होत्या आणि फोनवर जी बदली मुलगी यायची ती म्हणायची, "हर्डिस ठीक आहे, खूप झोपते." मला काळजी नव्हती, माझं बोलणं चालू होतं. मी नवीन खुणाही सुरू केल्या: दोन लांब म्हणजे बर्फ पडलंय, पाच छोट्या म्हणजे टोरुन नमस्कार सांगते. मी जे करीन ते पलीकडून जसंच्या तसं परत यायचं. हर्डिसनं आयुष्यात माझं एवढं ऐकून घेतलं नव्हतं. एका मंगळवारी मला पोचायला वीस मिनिटं उशीर झाला, तर पलीकडचा ठिपका आधीच लुकलुकत होता.

नाताळच्या आधीच्या शुक्रवारी बोट सुरू झाली. टोरुननं बांधून दिलेला केक घेऊन मी आश्रमात गेलो, थेट जिना चढून वर निघालो, तर वेंके जिन्यातच भेटल्या. त्यादेखील त्याच दिवशी कामावर आल्या होत्या.

"हर्डिस खाली आहे," त्या म्हणाल्या. "महिन्याच्या सुरुवातीलाच हलवलं तिला. जिन्यात सापडली होती दोनदा. तुम्हाला कळवलं नाही कुणी?"

खालची खोली मागच्या अंगाला होती. खिडकीतून मोटारी उभ्या करायची जागा आणि कचऱ्याचे डबे दिसत होते. हर्डिस खुर्ची ओढून त्या खिडकीशी बसली होती, अंगात बाहेर जायचा कोट घालून. मी केक ठेवला आणि शेजारी बसलो. कुणी अनोळखी माणूस आला की करतात तसं तिनं माझं हसून स्वागत केलं.

"काय बघतेस?" मी विचारलं.

"भाऊ यायचाय माझा. वळणावर आला की खूण करतो." तिनं काच पुसली. "बरेच दिवस झाले, केली नाही त्यानं. विसरत असेल. लहान आहे तो."

"हर्डिस, मी स्वेरे."

तिनं माझ्याकडे नीट बघितलं. अगदी प्रामाणिकपणे, वेळ देऊन बघितलं. "नाही," ती समजुतीच्या सुरात म्हणाली. "स्वेरे एवढासा आहे." आणि हातानं टेबलाएवढी उंची दाखवली.

मी रोज चार वाजता खाडीभर उजेड पाडत होतो, आणि ती रोज चार वाजता कोट घालून कचऱ्याच्या डब्यांकडे बघत बसलेली होती. तो तास मी तिच्या शेजारी बसून काढला. केक तिला आवडला.

मग मी वर गेलो. डावीकडून तिसऱ्या खोलीचं दार उघडं होतं. आत खिडकीशी टॉर्च, आणि खुर्चीत एक उंच, वाळकं म्हातारं. मी ओळखलं. हाल्फदान, आमच्या भागातले दातांचे डॉक्टर.

"तुझी डावी दाढ मी काढली होती," ते म्हणाले.

"उजवी काढायची होती."

"हो. ते नंतर लक्षात आलं." मग त्यांनी विचारलं, "धक्क्यावरचा तो तूच का? मंगळवारी उशीर केलास."

मी सांगणार नव्हतो, पण सांगून टाकलं. ती खूण माझ्या बहिणीसाठी होती, ती या खोलीत होती, टॉर्चही तिचाच. हाल्फदान ऐकत होते. त्यांचा चेहरा हलला नाही, फक्त हात मांडीवर एकावर एक ठेवले गेले.

"मला वाटलं, चुकून असेल," ते म्हणाले. "पण दुसऱ्या दिवशीही आला. मी मुलाला पत्रात लिहिलं की पलीकडे मला ओळखणारं कुणीतरी आहे." त्यांनी टॉर्च उचलून माझ्यापुढे धरला. "मग हा तिचा. घे."

माझ्यानं तो घेववला नाही. शेवटी तेच म्हणाले, "लिफ्ट आहे. चारला मी तिला वर आणू शकतो. मला दुसरं काम नाही."

वेंकेंना हे सांगितलं तर त्यांनी एक फॉर्म काढला. रहिवाशानं दुसऱ्या रहिवाशाला लिफ्टनं नेण्याबाबत. प्रयोजन या रकान्यात काय लिहायचं ते त्यांनी मला विचारलं नाही, स्वतःच काहीतरी लिहिलं आणि सही केली.

जानेवारीभर हे चाललं. उत्तर कुणाचं आहे ते मला दुर्बिणीशिवायही ओळखू यायला लागलं. हाल्फदानची खूण स्वच्छ, मोजून मापून. हर्डिसची वेडीवाकडी, कधी लांब आधी आणि छोट्या मागून, कधी दोनच, कधी टॉर्च नुसता पेटलेला, हातात तसाच विसरलेला. आठवड्यातून दोनदा, फार तर तीनदा ती असायची. त्या दिवशी मी बोटं बधिर होईपर्यंत धक्क्यावर थांबायचो. एका शुक्रवारी भेटायला गेलो तेव्हा तिनं मला, म्हणजे त्या पाहुण्याला, सांगितलं की भाऊ रोज सुखरूप पोचतो. "थोडा हळू चालतो," ती म्हणाली, "पण पोचतो."

मग सूर्य परत आला. गावानं नेहमीप्रमाणे शाळेला सुट्टी दिली, सगळे टेकडीवर जमले, गोड पाव वाटले. मी एकटाच त्या गोळ्याकडे शत्रूसारखा बघत होतो. फेब्रुवारी सरता सरता चार वाजता लख्ख दिसायला लागलं आणि पलीकडचा ठिपका पुसट होत गेला. आम्ही वेळ पाचवर नेली. त्याच्या पुढे नेता येईना, कारण साडेपाचला तिथलं जेवण, आणि जेवणानंतर लिफ्ट एकट्यानं वापरायची नाही.

"अजून वाढवता येईल का?" मी ओड्वारला विचारलं.

"कुणापुढे?" तो म्हणाला. "सूर्यापुढे?" आणि लगेच ओशाळून त्यानं टॉर्च उघडला, सेल बदलले, तार पुन्हा जोडली. दोन दुपारी आम्ही त्यात घातल्या. दोघांनाही माहीत होतं.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात मी पाच वाजता खूण केली तेव्हा माझा उजेड मला स्वतःलाच पाण्यावर दिसला नाही. घरी येऊन मी वेंकेंना फोन केला. म्हटलं, हर्डिस वाट बघत बसेल, तिला काय सांगायचं?

"ती वर आली होती," वेंके म्हणाल्या. "हाल्फदाननं तिला तेच सांगितलं, की आज खूण दिसणार नाही. तर म्हणाली, उजेड आहे ना बाहेर. मग येईल तो एकटा."

मी फोन ठेवला. टोरुन बटाटे सोलत होती, तिनं हात थांबवले नाहीत, फक्त पायानं शेजारची खुर्ची माझ्यासाठी सरकवली.

हर्डिस जूनमध्ये गेली, तेव्हा आमच्याकडे चोवीस तास ऊन होतं. तिला आमच्या बाजूच्या चर्चच्या आवारात, आईशेजारी पुरलं. हाल्फदान बोटीनं आले, काठी टेकत, काळा कोट घालून. नंतर कॉफीच्या वेळी ते माझ्या टेबलाशी येऊन बसले. बराच वेळ कप नुसता फिरवत होते.

"सप्टेंबरात अंधार पडायला लागतो," ते म्हणाले.

"लागतो."

"मी त्याच खोलीत असेन. त्यांनी हलवलं नाही तर."

"हलवलं तर मला कळवा," मी म्हणालो.

त्यांनी खिशातून पेन काढलं, अंत्यविधीची पत्रिका उलटी केली आणि कोऱ्या बाजूवर माझा नंबर लिहून घ्यायला सुरुवात केली. एकेक आकडा मोठा काढत, प्रत्येक आकड्यानंतर वर बघून मला विचारत, "पुढे?"